मजूर, कामगार, मतदार : भंडारा जिल्ह्यातील समाजवादी परंपरेचा एक अन्वय

मराठी समीक्षेत 'कामगार' हा शब्द आला की जो माणूस नजरेसमोर उभा राहतो तो बहुधा मुंबईच्या गिरणगावातला असतो. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा'पासून नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहापर्यंत आणि पुढे जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकापर्यंत त्या माणसाची प्रतिमा घडत गेली. भोंगा, चाळ, युनियन, संप आणि बेकारी ही तिची अंगे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा कामगार साहित्याची चर्चाही शोकाच्या सुरात होऊ लागली. वर्गजाणिवेचा आधारच नाहीसा झाला, आता उरली ती अस्मितांची भाषा, असे निदान अनेकांनी केले. ते करताना एका शहरातील एका उद्योगाचे चरित्र हेच महाराष्ट्रातील श्रमिकांचे चरित्र मानले गेले, याची दखल मात्र फारशी घेतली गेली नाही.

प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतला आहे तो भंडारा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होण्यापूर्वीचा, सलग. या जिल्ह्यात श्रमिकांचे तीन समूह दीर्घकाळ एकमेकांशेजारी राहिले. धानाची रोवणी करणारे आणि उरलेल्या दिवसांत बिडी वळणारे हात, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणीत उतरणारे मजूर, आणि १९६४ पासून जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत स्फोटक द्रव्ये तयार करणारे केंद्र सरकारचे कर्मचारी. पहिल्या समूहाला कारखाना नाही, दुसऱ्याला शहर नाही, तिसऱ्याला खाजगी मालक नाही. गिरणगावच्या साच्यात यांपैकी कोणीच बसत नाही. म्हणून या जिल्ह्यातील समाजवादी परंपरेला मुंबईच्या चळवळीची दूरची शाखा समजणे चुकीचे ठरते. शिवाय १९५६ पर्यंत भंडारा मध्यप्रांतात, म्हणजे पुढच्या मध्य प्रदेशात होता. त्याची राजधानी नागपूर, त्याचे मजूरकायदे वेगळे, त्याचे पक्षही वेगळ्या मुशीतले. ही परंपरा समजून घ्यायची तर तिच्या शब्दांपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण तिच्या इतिहासातील बहुतेक पेच 'मजूर कोण' या एका प्रश्नाभोवती पडलेले आहेत.

०

बिडी हा शब्द येथे मुद्दाम तसाच ठेवला आहे. प्रमाण मराठीतील 'विडी' या भागात कोणी वळत नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, त्याचे पुडे बांधायचे, पुढे वर्षभर मांडीवर सूप घेऊन हजाराच्या हिशेबाने बिड्या वळायच्या, हे काम प्रामुख्याने घरात आणि प्रामुख्याने बायांनी केलेले. मालक आणि वळणारी यांच्यामध्ये सट्टेदार. तो पेढीकडून पाने-तंबाखू उचलणार, गावात वाटणार, तयार माल जमा करणार. माल तपासताना काही बिड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जात. त्या काढण्याला आणि त्या बिड्यांनाही 'छाट' म्हणत. छाटीचे पैसे मजुराला नाहीत, आणि ती छाट त्याच्या घरी परतही येत नाही. एका शब्दात एवढी मोठी अर्थव्यवस्था सामावल्याची उदाहरणे मराठीत थोडी असतील. साहित्यकोशांत तो शब्द शोधणाऱ्याच्या हाती मात्र फारसे काही लागत नाही.

या मजुरांना राजकीय भाषा देण्याचा आरंभीचा मोठा प्रयत्न केला तो कामठीच्या बाबू हरदास यांनी. हरदास लक्ष्मणराव नगराळे (१९०४–१९३९) हे नाव आज 'जयभीम' या अभिवादनाचे प्रवर्तक म्हणून घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या अभिवादनाच्या तेजात त्यांचे दुसरे काम झाकोळून गेले. त्यांनी बिडी मजुरांची संघटना बांधली. ठेकेदाराला वगळून सहकारी तत्त्वावर बिडी उद्योग चालवण्याचा प्रयोग केला. रात्रशाळा काढली. 'मंडळ माहात्म्य' (१९२४) ही पुस्तिका लिहिली आणि 'वीर बालक' हे नाटक लिहून रंगभूमीवर आणले. १९३६ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने १९३७ च्या निवडणुकीत ते मध्यप्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने वारले.

दलित साहित्याच्या इतिहासलेखनात हरदासांना पूर्वसूरींच्या यादीत एक ओळ मिळते. कामगार साहित्याच्या इतिहासात तीही मिळत नाही. माझ्या मते याचे कारण लेखनाच्या गुणवत्तेत शोधण्यापेक्षा आपल्या वर्गीकरणात शोधावे. संघटना, सहकारी उत्पादन, रात्रशाळा, पुस्तिका आणि नाटक ही एकाच कृतीची पाच रूपे होती. जो मजूर आहे तोच अस्पृश्य आहे, आणि त्याचे शोषण करणारी यंत्रणा पेढीतही आहे व पोथीतही आहे, हे त्या कृतीचे गृहीत. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथील रेल्वे कामगारांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले, ते याच गृहीताचे तात्त्विक विधान होय. मनमाडचे भाषण सर्वत्र उद्धृत होते. कामठी-भंडाऱ्याच्या पट्ट्यात हीच भूमिका अगोदरपासून व्यवहारात उतरवली जात होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

पुढे जुलै १९४२ मध्ये नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. पक्षाच्या नावातून 'मजूर' हा शब्द गेला आणि 'जाती' हा शब्द आला. त्यामागची घटनात्मक निकड उघड होती; क्रिप्स योजनेत अस्पृश्यांना स्वतंत्र घटक म्हणून स्थान मिळाले नव्हते. योगायोग असा की त्याच महिन्यात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. पक्षाने सोडलेला शब्द नेत्याच्या पदाला येऊन चिकटला. तेव्हापासून या प्रदेशात जातीचे राजकारण आणि मजुरांचे राजकारण यांच्या नावांच्या पाट्या वेगळ्या झाल्या. माणसे बहुतांशी तीच राहिली.

०

मजूर कोण, याचा निवाडा पक्षांनी केला तसा न्यायालयांनीही केला. मध्यप्रांत सरकारने १९४८ साली एक कायदा करून शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बिडी वळण्यास मनाई करण्याचा अधिकार घेतला. हेतू असा की रोवणी-कापणीला हात कमी पडू नयेत. म्हणजे बिडी वळणारी बाई ही मूळची शेतमजूर, आणि तिने कोणत्या महिन्यात कोणाचे काम करावे हे जिल्हाधिकारी ठरवणार. सागर जिल्ह्यातील एका बिडी कारखानदाराने आणि त्याच्याबरोबर एका बिडी मजुराने या कायद्याला आव्हान दिले, आणि नोव्हेंबर १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. मालक आणि मजूर एका बाजूला, जमिनीची गरज दुसऱ्या बाजूला, अशी ही मांडणी होती. वर्गसंघर्षाच्या पाठ्यपुस्तकी आकृतीत ती बसवून पाहावी.

त्याच चिंतामणराव नावाच्या कारखानदाराचे दुसरे प्रकरण १९५८ साली निकालात निघाले. या वेळी प्रश्न कारखाना कायद्याचा होता. सट्टेदार आणि त्याने कामाला लावलेली माणसे ही कारखान्याची 'कामगार' आहेत काय? न्यायालयाने नाही असे उत्तर दिले. सट्टेदार हा स्वतंत्र कंत्राटदार, त्याची माणसे त्याची. घरात बसून हजारो बिड्या वळणारी बाई कायद्याच्या भाषेत कामगार ठरली नाही. १९६६ साली संसदेने बिडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला तेव्हा घरी काम करणारी व्यक्ती प्रथमच स्पष्टपणे त्या व्याख्येत आली. एका शब्दाच्या कक्षेत येण्यासाठी तिला एवढी वाट पाहावी लागली. संघटनांच्या मागण्या, मोर्चे, निवेदने यांचा मोठा भाग या काळात मजुरीइतकाच व्याख्येसाठी खर्च झाला आहे, आणि अर्थनिर्णयनाच्या शास्त्रात रस असलेल्या अभ्यासकाला येथे पुष्कळ सामग्री आहे.

०

आता १९५४. ही घटना थोडी विस्ताराने पाहावी लागेल.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता : एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. दोन्ही जागा काँग्रेसकडे गेल्या. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. त्यांच्या निवडीविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १५ फेब्रुवारी १९५४ रोजी निकाल लागला. न्या. विवियन बोस यांनी लिहिलेला हा निकाल घटनात्मक कायद्याच्या अभ्यासक्रमात आजही शिकवला जातो. साहित्याच्या अभ्यासकांनी तो वाचावा, असे मी माझ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. त्यात दोन प्रश्न होते.

पहिला प्रश्न बिडीचा. जसानी हे मुळजी सिक्का आणि कंपनी या बिडी पेढीचे भागीदार होते, आणि त्या पेढीचा सैनिकांच्या कँटीनला बिड्या पुरवण्याचा सरकारशी करार होता. सरकारशी कराराने बांधलेली व्यक्ती प्रतिनिधी होऊ शकत नाही, या तत्त्वावर ते अपात्र ठरले. जिल्ह्यातील सर्वांत मोठा उद्योग, त्याचा मालक, त्याचे राजकारण आणि त्याचा सरकारी ग्राहक हे सारे या एका मुद्द्यात एकत्र आलेले दिसतात.

दुसरा प्रश्न पंथाचा. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला होता. ते जन्माने महार, पण त्यांनी महानुभाव पंथाचा स्वीकार केलेला. महानुभाव पंथ जातिभेद मानत नाही. मग तो स्वीकारणारा महार राहतो काय? निवडणूक अधिकाऱ्याने त्यांचा अर्ज फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीन निकष मांडले : जुन्या समाजाची प्रतिक्रिया, व्यक्तीचा स्वतःचा हेतू, आणि नव्या पंथाचे नियम. त्या आधारे ठवरे महारच राहिले असे ठरले, त्यांचा अर्ज अयोग्य रीतीने फेटाळला गेला असे ठरले, आणि त्यामुळे संपूर्ण निवडणूकच रद्द झाली.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात महानुभाव पंथ म्हणजे आद्य गद्य, म्हणजे 'लीळाचरित्र', म्हणजे रिद्धपूर. चक्रधरांच्या समतेवर आपण प्रकरणे लिहितो. त्या समतेने एका महाराला महारपणातून बाहेर काढले की नाही, हा प्रश्न सातशे वर्षांनंतर दिल्लीच्या न्यायालयात उभा राहतो आणि उत्तर येते, नाही. पंथ काहीही म्हणो, भोवतालचा समाज आणि व्यक्तीचे त्यातील वर्तन काय म्हणते ते निर्णायक. एका उमेदवारी अर्जाच्या निमित्ताने दिलेला हा निकाल म्हणजे वारकरी आणि महानुभाव परंपरांच्या 'सामाजिक आशया'वर लिहिणाऱ्या कोणाही समीक्षकाला चुकवता न येणारी कसोटी आहे. या निकालानंतर अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला, आणि त्यांच्याबाबत राज्याने नेमकी उलट भूमिका घेतली : धर्म बदलला, तेव्हा अनुसूचित जातीचे हक्क गेले. केंद्राच्या पातळीवर ते परत मिळायला १९९० साल उजाडले. एकाला जात सोडता येत नाही असे ठरवायचे आणि दुसऱ्यांची सुटली असे ठरवायचे, या दोन निर्णयांमधले अंतर तीन वर्षांचेही नाही.

निवडणूक रद्द झाल्यामुळे मे १९५४ मध्ये भंडाऱ्यात दोन्ही जागांसाठी पोटनिवडणूक झाली. राखीव जागेवर डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता. ही जोडी नवी नव्हती. १९५२ साली उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांच्या युतीतून हे दोघे एकत्र लढले होते आणि दोघेही पडले होते. भंडाऱ्यात मात्र अशोक मेहता निवडून आले, आणि डॉ. आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले.

या निकालाचा अन्वय कसा लावायचा? द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. युती पूर्ण पाळली गेली असती तर दोघेही निवडून यायला हवे होते किंवा दोघेही पडायला हवे होते. एक आला आणि एक पडला, याचा सरळ अर्थ असा निघतो की मेहतांना मत देणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आपले दुसरे मत डॉ. आंबेडकरांना न देता काँग्रेसच्या उमेदवाराला दिले. फेडरेशनचा मतदार समाजवादाकडे गेला. समाजवादाचा सवर्ण मतदार फेडरेशनकडे आला नाही. आर्थिक कार्यक्रमावर एकमत होते. मतपेटीपाशी मात्र दुसरेच व्याकरण चालले. अशीही आठवण सांगितली जाते की फेडरेशनच्या काही कार्यकर्त्यांनी दुसरे मत वाया घालवण्याचा मार्ग सुचवला होता आणि बाबासाहेबांनी तो नाकारला. ही आठवण चळवळीच्या मौखिक परंपरेतली आहे आणि तशीच ती वाचली पाहिजे. पण पराभवाचा अर्थ लावण्याची त्या परंपरेची रीत तिच्यातून स्पष्ट होते.

अशोक मेहतांच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. भंडाऱ्याच्या वर्षभर आधी, जून १९५३ मध्ये, याच मध्य प्रदेशातील बैतूल येथे पक्षाच्या विशेष अधिवेशनात त्यांनी 'मागासलेल्या अर्थव्यवस्थेच्या राजकीय निकडी'चा सिद्धांत मांडला होता. गरीब देशात विरोधकांनी विकासाच्या कामी सत्ताधारी पक्षाशी सहकार्याची क्षेत्रे शोधली पाहिजेत, असा त्याचा मथितार्थ. राममनोहर लोहियांनी त्याला कडाडून विरोध केला. बैतूलचा हा प्रबंध वाचताना जाणवते ते असे की त्यात 'मागासलेपण' हा शब्द सर्वत्र अर्थव्यवस्थेचे विशेषण म्हणून येतो. ज्या जिल्ह्याने पुढच्या वर्षी लेखकाला लोकसभेत पाठवले त्या जिल्ह्यात तो शब्द माणसांचे विशेषण होता. मेहता १९६३ साली नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि पुढे काँग्रेसमध्ये गेले. त्यांच्या सिद्धांताचा शेवट तेथे होणे तर्काला धरूनच होते. भंडाऱ्याशी त्यांचे नाते एका निवडणुकीपुरते राहिले, आणि या जिल्ह्यात समाजवादी पक्षाचे नाव निघाले की लोकांना आठवते ते बाबासाहेबांच्या पराभवाचे साल.

०

ज्या सैन्याला भंडाऱ्याच्या बिड्या जात होत्या त्या सैन्यासाठी स्फोटके बनवण्याचा कारखाना दहा वर्षांनी भंडाऱ्यातच आला. १९६२ च्या चीन युद्धाच्या आगेमागे विदर्भात भद्रावती, भंडारा आणि अंबाझरी अशी आयुध निर्माणींची साखळी उभी राहिली. जवाहरनगर ही त्यांपैकी भंडाऱ्याच्या निर्माणीची वसाहत. येथे समाजवादी परंपरा आली ती पक्षाच्या वाटेने नव्हे, संघटनेच्या वाटेने. अखिल भारतीय संरक्षण कर्मचारी महासंघाचे नेतृत्व दीर्घकाळ एस. एम. जोशी यांच्याकडे होते. खडकीतील महासंघाच्या कार्यालयाला आजही त्यांचे नाव आहे. नागपूरच्या बाजूने अ. भा. बर्धन होते, १९५७ साली नागपुरातून विधानसभेवर निवडून गेलेले, कापड, वीज आणि संरक्षण या तिन्ही क्षेत्रांतील कामगारांत वावरलेले. त्याआधीची रुईकरांची नागपुरी कापडगिरण्यांतील परंपरा त्यांच्या पाठीशी होती. समाजवादी आणि साम्यवादी यांचे संसदेत जमले नाही तेवढे संरक्षण कामगारांच्या महासंघात जमले, ही गोष्ट पक्षांच्या इतिहासात सहसा येत नाही.

या कामगारावर मराठी ललित साहित्याने जवळजवळ काहीच लिहिले नाही. याला गोपनीयतेचे नियम कारण आहेत असे म्हणता येईल, पण ते पूर्ण कारण नव्हे. खरी अडचण अशी की त्याला बळी म्हणून रंगवता येत नाही. त्याला पेन्शन होते, दवाखाना होता, क्वार्टर होते. गावातल्या टोलीला जात असते. वसाहतीतल्या क्वार्टरला क्रमांक असतो. राखीव जागांमुळे भूमिहीन घरांतून आलेली पहिली पगारदार पिढी येथे स्थिरावली, आणि स्थिरावलेल्या माणसाचे आपल्या वास्तववादाला काय करावे हे कळत नाही. वसंत मून यांचे 'वस्ती' (१९९५) हे आत्मकथन या दृष्टीने वेगळे उठून दिसते. नागपूरच्या महार वस्तीतील गिरणी, बिडी, आखाडा, ग्रंथालय आणि समता सैनिक दल त्यात एकाच श्वासात येतात. अशी 'वस्ती' जवाहरनगरच्या वसाहतीवर अद्याप लिहिली गेलेली नाही.

सरकारी मालकीच्या कारखान्यात समाजवादाचा अर्थ काय, हा प्रश्न त्या वसाहतीत सदैव होता. मालक म्हणजे राज्य, आणि ते राज्य संविधानाचे. त्यामुळे येथील कामगाराच्या निष्ठेत मजुराची आणि नागरिकाची अशा दोन बाजू होत्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले, एक्केचाळीस निर्माण्यांची सात कंपन्यांत विभागणी झाली, आणि भंडाऱ्याची निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये देशभरच्या निर्माण्यांत संप झाला होता, त्यात सर्व रंगांचे महासंघ एकत्र होते. २०२१ साली पुन्हा संपाची तयारी झाली तेव्हा सरकारने ३० जून रोजी अत्यावश्यक संरक्षण सेवांचा अध्यादेश काढून, आणि मग एका वर्षाच्या मुदतीचा कायदा करून, संपाला बंदी घालण्याचा अधिकार घेतला. कर्मचारी मात्र सरकारचेच राहिले आणि कंपनीकडे 'मानीव प्रतिनियुक्ती'वर गेले. 'मानीव' हा शब्द पाहावा. सट्टेदाराच्या हाताखालची बाई १९५८ साली कामगार मानली गेली नाही. जवाहरनगरचा कर्मचारी जागचा हलला नाही आणि तरी तो दुसरीकडे पाठवला गेल्याचे मानले गेले. मानणे-न मानणे हे व्याकरणातले साधे क्रियापद या जिल्ह्याच्या श्रमिक इतिहासात फार महागात पडले आहे.

२४ जानेवारी २०२५ च्या सकाळी निर्माणीत झालेल्या स्फोटात आठ जण मृत्युमुखी पडले. वर्षभरापूर्वी, जानेवारी २०२४ मध्ये, अशाच स्फोटात एकाचा जीव गेला होता. वृत्तपत्रांतून जी भाषा वापरली गेली तीत मृतांचा उल्लेख आलटून पालटून 'कामगार', 'कर्मचारी' आणि 'जवानांइतकेच देशसेवक' असा होत राहिला. तिसऱ्या शब्दप्रयोगात आदर असेल. परंतु जवानाच्या मृत्यूला कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा प्रश्न विचारला जात नाही, कामगाराच्या मृत्यूला विचारावा लागतो.

०

या इतिहासाचा आजच्या राजकारणाशी संबंध काय, असे विचारले जाईल. वर्ग की जात, हा वाद मराठीत शरद पाटलांनी सर्वांत चिवटपणे लढवला. १९७८ साली त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९८८) लिहून तो वाद साहित्यविचारात आणला. त्यांची मांडणी मान्य असो वा नसो, जात आणि वर्ग यांची बेरीज करता येत नाही, त्या एकमेकींतच घडतात, हा त्यांचा आग्रह भंडाऱ्याच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखा आहे. तपासल्यावर असे दिसते की सिद्धांत मांडला जाण्याच्या पन्नास वर्षे आधी हरदासांच्या संघटनेत तो काही काळ प्रत्यक्षात चालला होता, आणि १९५४ च्या मतमोजणीत तो मोडला. मोडला तो विचार म्हणून नव्हे. मतदारांच्या दुसऱ्या मतापाशी.

त्या दुसऱ्या मताचा प्रश्न पुढे द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाल्यावर पद्धतीतून नाहीसा झाला. समाजातून झाला नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, खैरलांजी येथे, एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यानंतरच्या चर्चेत हे जमिनीचे भांडण की जातीचे, असा वाद रंगला. जे कुटुंब जमीन कसते आणि बौद्ध आहे, त्याच्याबाबत हा वाद घालता येणे हेच मुळी १९४२ नंतर वेगळ्या झालेल्या पाट्यांचे फळ होते. 'की' हा शब्द वापरल्यावाचून त्या घटनेबद्दल बोलणे आपल्या राजकीय भाषेला जमले नाही. डाव्यांनाही नाही आणि रिपब्लिकनांनाही नाही. आजची जिल्ह्यातील निवडणुकीची भाषा धानाच्या बोनसभोवती फिरते. बोनस मिळतो तो ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. रोवणी करणारी बाई त्या भाषेत कोठेच नाही, आणि तीच बाई पावसाळा सरल्यावर बिडी वळत असे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, आणि १९६६ चा बिडी व सिगार कामगारांचा कायदा त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. संहिता हा शब्द आपण समीक्षक मोठ्या प्रेमाने वापरतो. तिची अनेकार्थता, तिच्यातील मौने, तिचे वाचक यांवर परिसंवाद घेतो. ही नवी संहिता वाचताना तिच्या व्याख्यांच्या कलमापासून सुरुवात करावी. कंत्राटदार, मुख्य नियोक्ता आणि कामगार हे शब्द तेथे आले आहेत. त्यांतला प्रत्येक शब्द सागरच्या त्या खटल्यात १९५८ साली एकदा वाचला गेलेला आहे, आणि सट्टेदाराच्या सुपातून छाट म्हणून कोणाला बाजूला काढायचे ते तेव्हाच्या वाचनाने ठरवले होते.